उतार मोजला, पठण मोजायचं राहिलं

इस्लामी माध्यमिक शाळांचा अभ्यासक्रम समावेशक आहे की नाही, यावरचा वाद सध्या दोन ठरलेल्या सुरांत चालतो. एका बाजूची मंडळी तपासयादी घेऊन येतात. दिव्यांग मुलं किती दाखल झाली, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, किती शिक्षकांनी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेतलं, शाळेच्या ध्येयवाक्यात 'सर्वांसाठी' हा शब्द आहे का. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की करुणा हा धर्माचा गाभाच आहे, तेव्हा समावेशन आम्हाला बाहेरच्यांनी शिकवू नये, आणि धार्मिक विषयांना तर हातच लावू नये. ही दोन्ही मंडळी एकमेकांवर तुटून पडतात, पण एका मुद्द्यावर त्यांचं न बोलताच जमलेलं आहे. धार्मिक विषय तपासायचे नाहीत. पहिल्यांना ते नाजूक वाटतात, दुसऱ्यांना पवित्र. परिणाम एकच होतो: गणित, विज्ञान आणि इमारत एवढ्याचं मूल्यमापन होतं, आणि ज्या विषयांमुळे ही शाळा इतर शाळांहून वेगळी ठरते ते तसेच राहतात.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. समावेशक अभ्यासक्रमाचं मूल्यमापन सुरूच व्हायला हवं ते कुराणपठणाच्या तोंडी परीक्षेपासून, फिकहच्या, म्हणजे धार्मिक आचारनियमांच्या, प्रात्यक्षिकापासून आणि अरबीच्या श्रवणचाचणीपासून. तिथे दार उघडं नसेल तर उताराचा उपयोग मुलाला वर्गापर्यंत नेण्यापुरताच. आणि त्यासाठी लागणारी बरीचशी साधनं इस्लामी विद्यापरंपरेत आधीपासून पडून आहेत. बाहेरून फारसं काही आणावं लागत नाही.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून इंडोनेशियाकडे बघू. तिथे इयत्ता ७ ते ९ साठी मद्रसा त्सानाविया आणि १० ते १२ साठी मद्रसा आलिया आहेत. त्या शिक्षण मंत्रालयाच्या नव्हे, धर्मव्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने त्यांना सर्वसाधारण शाळांच्या बरोबरीचा दर्जा दिला आहे. सगळे सामान्य विषय तिथे शिकवले जातातच. त्यांच्या जोडीला कुराण-हदीस (हदीस म्हणजे प्रेषितांची वचनं आणि आचरण), अकीदा-अखलाक म्हणजे श्रद्धा आणि सदाचार, फिकह, इस्लामी संस्कृतीचा इतिहास आणि अरबी हे पाच. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, आणि विद्यार्थ्यांना योग्य त्या सोयी देण्याविषयीचा शासकीय नियम २०२० चा. म्हणजे कायद्याची वीण तशी घट्ट आहे. तरीही ज्या मुलीला ऐकू येत नाही तिची तज्वीदची, म्हणजे कुराणपठणाच्या उच्चारनियमांची, परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न शेवटी एका शिक्षकाच्या एका सकाळच्या मर्जीवर येऊन पडतो.

आधी शब्दाचा एक घोळ निस्तरू. 'समावेशक' हा शब्द या शाळांच्या संदर्भात दोन अगदी वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ दिव्यांग आणि शिकताना अडखळणाऱ्या मुलांना सामावून घेण्याचा. दुसरा अर्थ इतर धर्म, पंथ आणि स्थानिक संस्कृती यांच्याविषयी उदार असण्याचा. इंडोनेशियात 'धार्मिक संयम' या नावाने दुसऱ्या अर्थाचा मोठा शासकीय कार्यक्रम चालतो. राष्ट्रनिष्ठा, सहिष्णुता, हिंसेला नकार आणि स्थानिक परंपरांचा स्वीकार हे त्याचे चार निकष. दोन्ही हेतू चांगले आहेत. पण अहवालात त्यांची सरमिसळ झाली की अकीदा-अखलाकच्या पुस्तकात सहिष्णुतेवर एक धडा आहे एवढ्या पुराव्यावर 'अभ्यासक्रम समावेशक आहे' असा निष्कर्ष निघतो, आणि तोच धडा अंध मुलाला वाचता येत नाही हे कुठेच नोंदलं जात नाही. मूल्यमापन करणाऱ्याने आपण कोणता अर्थ मोजतोय हे पहिल्याच पानावर लिहावं. या लेखात पुढे पहिलाच अर्थ घेतला आहे.

इंडोनेशियातल्या समावेशक शाळांत अभ्यासक्रमाचं अनुकूलन चार प्रकारांनी केलं जातं. तोच आशय तसाच ठेवायचा, त्यात बदल करायचा, त्याच्या जागी दुसरा आशय द्यायचा, किंवा तो गाळायचा. कागदावर चारही पर्याय सारखेच दिसतात. वर्गात तसं नसतं, कारण चारांना लागणारा वेळ वेगवेगळा आहे. तसाच ठेवायला काही लागत नाही. गाळायलाही काही लागत नाही. मेहनत मधल्या दोनांना लागते: बदलायचं म्हणजे नवी प्रश्नपत्रिका काढायची, पर्याय द्यायचा म्हणजे तितक्याच वजनाचं दुसरं काम शोधायचं. मग ज्या शिक्षकाकडे आठवड्याला पंचवीस तास आणि वर्गात पस्तीस मुलं आहेत, तो काय निवडेल? पहिल्या सहामाहीत 'तसंच ठेवू', मूल मागे पडलं की दुसऱ्या सहामाहीत 'गाळून टाकू'. कर्णबधिर मुलीचं पठण गळतं, अरबीचं श्रवण गळतं, संभाषण गळतं. उरतं काय? फळ्यावरचं उतरवून घेणं.

गळलेल्या भागाचे गुण मात्र गुणपत्रिकेत भरावेच लागतात. म्हणून उत्तीर्णतेची जी किमान रेषा असेल, समजा ७५, तेवढेच गुण दिले जातात. हे दयेचे गुण ओळखणं फार सोपं आहे. एखाद्या शाळेतल्या सगळ्या दिव्यांग विद्यार्थ्यांचे धार्मिक विषयांतले गुण समोर घ्या. ते ७५, ७५, ७६, ७५ असे रेषेला चिकटलेले असतील, तर त्या मुलांची परीक्षा झालेलीच नाही असं खुशाल समजा. खऱ्या परीक्षेत गुण विखुरतात. एकाला ५८ पडतात, दुसऱ्याला ९१. गुणांत विखुरलेपणा नसणं ही इथली सगळ्यात बोलकी खूण आहे, आणि ती पाहायला कोणतीही प्रश्नावली लागत नाही. गुणांची वही पुरते. अहवाल लिहिणारे मात्र या आकड्यांची सरासरी काढतात, ती ७५ च्या वर आली की 'निष्पत्ती समाधानकारक' असा शेरा मारून मोकळे होतात.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तज्वीदचे शिक्षक म्हणतात, पठण म्हणजे काही माहिती नव्हे की ती तोंडी विचारली काय आणि लेखी विचारली काय. उच्चार हाच तिथला विषय आहे. पोहण्याची परीक्षा कागदावर घेता येईल का? मग पठणाची कशी घेणार? हा आक्षेप कर्मठपणातून आलेला नाही. परीक्षाशास्त्रातला मूलभूत नियमही हेच सांगतो की जे मोजायचं तेच बदललं, तर ती सवलत उरत नाही, ती दुसरीच परीक्षा होते. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात प्रश्न वाचून दाखवणं ही सवलत. वाचनाच्याच परीक्षेत उतारा वाचून दाखवला तर मोजायचं ते निसटतं. धर्मशिक्षकांना हे कुणी समजावून सांगायला नको, ते त्यांना आपल्या विषयाच्या अंगाने ठाऊक आहे. म्हणून 'सगळं लवचीक करा' असं सांगणाऱ्या कार्यशाळांतून ते उठून जातात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

पण हा आक्षेप खरा कुठपर्यंत आहे, हे तपासायला हवं. कुराण-हदीसच्या एका घटकात प्रत्यक्षात किती क्षमता मोजल्या जातात? नून साकिन आणि तनवीनचे नियम घेऊ. स्वर नसलेल्या नूननंतर ('न' या अक्षरानंतर) किंवा तनवीननंतर, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'न'-ध्वनीच्या चिन्हानंतर, कोणतं अक्षर येतं त्यावरून चार नियम लागतात. इझहार, म्हणजे स्पष्ट उच्चार: कंठातली ६ अक्षरं. इदगाम, पुढच्या अक्षरात मिसळणं: ६ अक्षरं. इकलाब, नूनचा मीम ('म') होणं: फक्त १ अक्षर, बा. उरलेल्या १५ अक्षरांपुढे इखफा, म्हणजे नाकातून निघणारा झाकलेला उच्चार. एकूण २८. या घटकात विद्यार्थ्याने नियमांची नावं सांगायची असतात, अक्षरं गटांत लावायची असतात, आयतीत तो नियम कुठे लागतो ते ओळखायचं असतं, तो का लागतो ते समजावायचं असतं आणि शेवटी आवाजातून तो पाळायचा असतो. पाच क्षमता झाल्या, आणि त्यातली फक्त शेवटची आवाजावर अवलंबून आहे. पाचांचा मिळून एकच गुण तोंडी परीक्षेत दिला जातो तेव्हा कर्णबधिर विद्यार्थिनीचे आवाजाबरोबर बाकीचे चार भागही बुडतात. खरी चूक इथे घडते. पोहण्याचा दाखला शेवटच्या क्षमतेला चपखल बसतो. बाकीच्या चारांना तो लावायचं कारण नाही.

मग करायचं काय? गुणांची विभागणी उलगडायची. दहा आयती छापून द्यायच्या. त्यातले नून साकिन आणि तनवीन अधोरेखित करायला सांगायचं, प्रत्येकाखाली नियमाचं नाव आणि तो ज्या अक्षरामुळे लागला ते अक्षर लिहायला सांगायचं. हे काम पूर्णपणे डोळ्यांचं आहे, आणि नुसत्या तोंडी परीक्षेपेक्षा अवघड आहे, कारण ऐकून ऐकून पाठ झालेलं मूल नियम न समजताही बिनचूक म्हणू शकतं. उच्चाराच्या रकान्यात ना शून्य, ना ७५. तिथे 'लागू नाही' लिहायचं आणि उरलेल्या भागावर टक्केवारी काढायची. जिला थोडं ऐकू येतं, श्रवणयंत्र आहे आणि आवाज आहे, तिची तोंडी परीक्षा घ्यायचीच, पण शांत खोलीत, समोरासमोर, परीक्षकाचे ओठ दिसतील असं बसून. आधी कानाची अवस्था विचारायची, मग पर्याय ठरवायचा. निदानाच्या कागदावर 'कर्णबधिर' लिहिलंय म्हणून सगळं सरसकट गाळणं हा आळस आहे.

अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत गणित उलटं होतं. त्याला आवाजाची अडचण नाही, पानाची आहे. इंडोनेशियाने १९८४ मध्ये कुराणाच्या ज्या प्रमाण प्रती ठरवल्या, त्यांत ब्रेल प्रतीचाही समावेश होता. पण ब्रेलमधली अरबी डावीकडून उजवीकडे वाचतात, आणि प्रत्येक स्वरचिन्हाला स्वतंत्र घर लागतं. छापील पानात अक्षराच्या डोक्यावर वा पायाशी बसणारं चिन्ह ब्रेलमध्ये शेजारची जागा अडवतं. ओळ लांबते, ग्रंथाचे खंड वाढतात, बोटांना वेळ लागतो. त्यामुळे जादा वेळ ही इथे मेहेरबानी नसते. मजकूरच बोटांखाली जास्त लांब असतो. आणि ब्रेलची प्रत कपाटात आहे की विद्यार्थ्याच्या बाकावर, हे मूल्यमापकाने आपल्या डोळ्यांनी पाहावं. कपाटातल्या प्रतीवर धूळ असेल तर तीही नोंदवावी. शिवाय उलटी चूकही होते: पाठांतर उत्तम आहे म्हणून अंध मुलाला वाचायला शिकवलंच जात नाही. हाफिज झालेला, म्हणजे अख्खं कुराण मुखोद्गत असलेला, पण ब्रेल न येणारा विद्यार्थी आलियातल्या फिकहच्या पुस्तकापाशी अडतो तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

परंपरेकडे वळू, कारण 'धर्मात हात घालू नका' हा आक्षेप तिथेच सुटतो. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात हनफी पंथाच्या फिकहच्या आधारे दिवाणी कायद्याची जी संहिता तयार झाली, त्या मजल्लामधलं ७० वं कलम सांगतं की मुक्या माणसाच्या रूढ खुणा या जिभेने केलेल्या निवेदनासारख्याच आहेत. १७ वं कलम सांगतं की अडचण सुलभता आणते. ही तत्त्वं १९ व्या शतकात सुचलेली नव्हती, शतकानुशतकं चालत आलेले फिकहचे नियम तिथे फक्त क्रमांक देऊन मांडले गेले. ज्या परंपरेत मुक्याची खूण करारासाठी चालते, त्याच परंपरेच्या शाळेत खुणेने दिलेलं उत्तर सहामाहीला चालत नसेल, तर तिथे धर्म आड येतोय की सवय?

त्याहूनही थेट दाखला फिकहच्या पुस्तकातच आहे. प्रेषितांचे सहकारी इमरान इब्न हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजाविषयी विचारलं तेव्हा प्रेषितांनी दिलेलं उत्तर बुखारीच्या हदीससंग्रहात आहे: उभं राहून पढ, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. परीक्षाशास्त्राच्या भाषेत ही पायऱ्यांची गुणदान-पट्टी आहे. कर्तव्य तेच, रीत शरीराच्या शक्तीनुसार. आजारपणातल्या नमाजाचा हा भाग त्सानावियाच्या फिकहमध्ये शिकवलाही जातो. पण शिकवला जातो तो अपवाद म्हणून, कधीतरी आजारी पडल्यावर उपयोगी पडेल म्हणून. त्याच वर्गात चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या प्रात्यक्षिकाच्या तक्त्यात मात्र 'सरळ उभं राहणं' आणि 'पूर्ण वाकणं' यांना स्वतंत्र गुण असतात. धडा एक सांगतो आणि त्याच धड्याची परीक्षा दुसरं! अशा विसंगती शोधणं हेच अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाचं खरं काम, आणि त्या पुस्तक व गुणतक्ता शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय सापडत नाहीत. (वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, जागेला दोन पायऱ्या आणि नमाजाची खोली वरच्या मजल्यावर, ही दुसरी विसंगती. ती निदान तपासयादीत येते.)

इथे समावेशनाच्या समर्थकांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. ते दर सभेत नावांची माळ ओवतात. प्रेषितांचे अंध सहकारी अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम, ज्यांच्या प्रसंगावरून कुराणातल्या ८० व्या सुऱ्याची (अध्यायाची) सुरुवात झाली. अंध कवी अल-मअर्री. इजिप्तचे शिक्षणमंत्री झालेले अंध लेखक ताहा हुसैन. नावं खरी आहेत, पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष लंगडा आहे. १४ व्या शतकात अस-सफदी या चरित्रकाराला अंध विद्वानांचा अख्खा चरित्रकोश लिहिता आला, तो ती व्यवस्था दयाळू होती म्हणून नव्हे. ती व्यवस्था मौखिक होती म्हणून. ऐकणं, पाठ करणं, म्हणून दाखवणं, गुरूची इजाजत, म्हणजे पुढे शिकवण्याची परवानगी, मिळवणं, या साखळीत डोळ्यांवाचून फारसं अडत नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तीच साखळी पहिल्या कडीलाच तुटत होती. कैरोच्या अझहर या विद्याकेंद्रात अंध विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र झाविया, म्हणजे वेगळी जागा, होती. बहिऱ्यांची नव्हती. म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर हे शिकवण्याच्या माध्यमाने ठरवलं, मनाच्या मोठेपणाने नाही.

याच कोशातला झैनुद्दीन अल-आमिदी हा मला सगळ्यात उपयोगी दाखला वाटतो. बगदादच्या मुस्तनसिरिया मदरशात शिकवणारा हा अंध विद्वान आपल्या पुस्तकांच्या किमती लक्षात ठेवण्यासाठी कागदाची बारीक वळी करून तिला अक्षराचा आकार द्यायचा आणि ती पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. किंमत बोटाने वाचायची. ब्रेलच्या कितीतरी शतकं आधी! पण ती युक्ती त्याच्याबरोबरच संपली. मदरशाने ती उचलली नाही, दुसऱ्या कुणाला शिकवली नाही. आजच्या शाळांतही असे आमिदी असतात: एखादी शिक्षिका स्वतःच्या डोक्याने उत्तम साधन बनवते, तिची बदली झाली की ते साधन अडगळीत जातं. मूल्यमापनाने 'साधन आहे का' एवढंच विचारून थांबू नये. ते बनवणारी व्यक्ती गेल्यावर ते टिकेल का, हेही विचारावं.

डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे अक्षरं ओळखण्या-वाचण्यातल्या अडचणीबद्दल, थोडक्यात. अरबी लिपीत बा, ता, सा यांच्यात फरक फक्त ठिपक्यांचा आहे, आणि शब्दाच्या मध्ये आली की 'नून' आणि 'या' ही अक्षरंही त्याच घोळक्यात शिरतात. शिवाय इंडोनेशियातलं मूल एका तासाला डावीकडून उजवीकडे वाचतं, पुढच्या तासाला उजवीकडून डावीकडे. मोठा टाइप, ओळींमध्ये मोकळी जागा, एका वेळी एकच ओळ उघडी राहील असा कागदाचा पट्टा आणि आधी ऐकून मग वाचणं, एवढं बहुतेकांना पुढे नेतं. आणि अशा मुलाला 'याचं कुराणावर लक्ष नाही' असं म्हटलं जातं, तेव्हा साधी वाचनातली अडचण चारित्र्याचा दोष ठरते. धार्मिक शाळेत हा धोका इतर शाळांपेक्षा जास्त असतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबाबत एक युक्तिवाद सभ्य शब्दांत मांडला जातो. ज्याच्यावर धार्मिक कर्तव्यांची जबाबदारीच नाही, त्याला फिकह शिकवून काय साधणार? जबाबदारी नाही हे फिकहच्या दृष्टीने बरोबर आहे. पण दायित्व नसणं म्हणजे हक्क नसणं, हे कुठून आलं? लहान मुलांवरही दायित्व नसतंच, तरी त्यांना शिकवायला कोणी वयात यायची वाट पाहत नाही.

विशेष शाळांचा मुद्दा याहून गंभीर आहे. कर्णबधिरांच्या संघटना जगभर सांगत आल्या आहेत की सांकेतिक भाषा बोलणाऱ्या सवंगड्यांशिवाय एकट्या मुलाला ऐकणाऱ्यांच्या वर्गात बसवणं हे समावेशन नव्हे, एकांतवास आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. दिव्यांग हक्कांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं २४ वं कलमही सांकेतिक भाषा शिकण्याची सोय आणि कर्णबधिर समाजाच्या भाषिक ओळखीचं संवर्धन मागतं. २०१६ मध्ये त्या कलमावर आलेल्या भाष्याने वगळणं, वेगळं ठेवणं, नुसतं आत घेणं आणि खरोखर सामावून घेणं या चार अवस्था काटेकोर वेगळ्या केल्या. तिसरी अवस्था चौथीचं नाव लावून फिरते, हेच तर आपलं दुखणं आहे. म्हणून मूल्यमापनाला 'या शाळेने सध्या कर्णबधिर मुलं घेऊ नयेत, आधी सांकेतिक भाषा येणारा शिक्षक नेमावा आणि एकाऐवजी चार-पाच मुलांचा गट घ्यावा' असं स्पष्ट लिहिण्याची मुभा हवी. आज असा अहवाल लिहिणारा समावेशनाचा शत्रू ठरतो. पण नकार देता न येणाऱ्या मूल्यमापनाच्या होकाराला काय किंमत? धर्मशिक्षणाची सांकेतिक साधनं दुर्मीळ आहेत हे खरं. पण इंडोनेशियाच्या धर्मव्यवहार मंत्रालयाने अलीकडे सांकेतिक भाषेतल्या कुराणप्रतीचं काम हाती घेतल्यापासून 'हे शक्यच नाही' म्हणायची सोय राहिलेली नाही.

पैशांचा आणि मनुष्यबळाचा आक्षेप उरतो. इंडोनेशियातल्या बहुसंख्य मद्रसा खासगी आहेत, अनेक ठिकाणी शिक्षक तुटपुंज्या मानधनावर काम करतात. शिक्षण मंत्रालयाच्या २००९ च्या नियमावलीने समावेशक म्हणून नेमलेल्या शाळेत किमान १ विशेष मार्गदर्शक शिक्षक मागितला, पण एक माणूस तीन इयत्ता आणि डझनभर विषय कसे सांभाळणार? त्यात मूल्यमापनाचं ओझं. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला बहुतांशी मूल्यमापकच जबाबदार आहेत. मूल्यमापनतज्ज्ञ डॅनियल स्टफलबीम यांचा संदर्भ, साधनं, प्रक्रिया आणि निष्पत्ती हा चौकोन १९६० च्या दशकातला. मूल्यमापन सिद्ध करण्यासाठी नव्हे, सुधारण्यासाठी असतं, हा त्यांचा आग्रह. आज त्याच चौकोनाचे चार अध्याय पाडून, पाच पर्यायांची प्रश्नावली शिक्षकांना वाटून, 'प्रक्रिया: ८२ टक्के, चांगली' असा प्रबंध बांधला जातो. कागदी घोडे नाचवायला शिक्षकांकडे वेळ नसतो, म्हणून तेही प्रश्नावलीत सगळीकडे 'सहमत' वर खूण करून टाकतात.

यापेक्षा कमी गोळा करा, पण खोलात जा. एका विद्यार्थ्यामागे चार पुरावे पुरतात. वैयक्तिक शिक्षण आराखडा आणि त्याच महिन्यातली त्या मुलाची वही, शेजारी शेजारी: आराखड्यातलं वहीत दिसतं का? गेल्या सहामाहीची फिकह आणि कुराण-हदीसची प्रश्नपत्रिका, सगळ्यांची आणि या मुलाची: फरक आहे का, असल्यास आशयात आहे की रीतीत? गुणांची वही, वर सांगितलेल्या कारणासाठी. आणि एक पूर्ण दिवस त्या मुलाबरोबर, सकाळच्या पठणापासून दुपारच्या नमाजापर्यंत, दर दहा मिनिटांनी एकच नोंद: आत्ता ते वर्गाचंच काम करतंय, बदललेलं काम करतंय, की नुसतं बसलंय? तीन मुलांचे तीन दिवस आणि कागद पाहायला एक, असे चार दिवस लागतात. तीस पानी प्रश्नावली भरून घ्यायला आणि आकडे मांडायला याहून जास्त लागतात.

राहता राहिली भीती: हात लावला की धार्मिक विषय पातळ होतील. ही भीती इंडोनेशियाने एकदा अनुभवली आहे. १९७५ मध्ये तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने मद्रसाच्या प्रमाणपत्राला सर्वसाधारण शाळेइतकंच मोल मिळालं. बदल्यात सामान्य विषय वाढले आणि धार्मिक विषयांसाठी किमान ३० टक्के वाटा ठरला. मद्रसा बुडाल्या असं तेव्हा अनेकांना वाटलं. त्या बुडाल्या नाहीत, त्यांतून पुढे विद्यापीठांची दारं उघडली. पण भीती निव्वळ पोकळही नव्हती. पुढच्या दहा-बारा वर्षांत धार्मिक विद्येत खोल उतरलेले विद्यार्थी कमी पडू लागले, आणि १९८७ मध्ये आलिया स्तरावर धार्मिक विषयांवर भर देणारा खास कार्यक्रम काढावा लागला. माझ्या मते यातून 'बदल करू नका' असा धडा निघत नाही. वाटा मोजला गेला, खोली मोजली गेली नाही, हा तो धडा. समावेशनातही हेच होऊ शकतं. दिव्यांग मुलांसाठी रीत बदलताना आशय उथळ होतोय का, हे विषयवार तपासणारं मूल्यमापन धर्मशिक्षकांनीच पुढे होऊन मागायला हवं. दयेचे ७५ गुण हीच खरी पातळ केलेली विद्या, आणि ती आजही बिनबोभाट वाटली जाते आहे.

त्यामुळे मूल्यमापक पथकात कोण असावं हा तपशील गौण नाही. विशेष शिक्षणाचा जाणकार एकटा गेला तर तो तज्वीदच्या तोंडी परीक्षेपुढे बिचकतो. धर्मशास्त्राचा जाणकार एकटा गेला तर त्याला 'लागू नाही' आणि 'शून्य' यातला फरक सुचत नाही. दोघे हवेत, आणि तिसरा स्वतः दिव्यांग असलेला, याच शाळांतून शिकून बाहेर पडलेला. पहिल्या सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत ध्येयवाक्य वाचत बसू नये. कुराण-हदीसच्या शिक्षकांकडून गेल्या सहामाहीचा गुणतक्ता मागावा, त्यातला उच्चाराचा रकाना शोधावा, आणि ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्या नावापुढे काय लिहिलंय ते पाहावं.